गप्पी माशाचा बाप कोण?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदात, डबक्यात सोडलेले गप्पी मासे तुम्ही पाहिले असतील. नावाचा गप्पांशी संबंध नाही! त्रिनिदादहून नमुने पाठवणाऱ्या रॉबर्ट गप्पींचं नाव 1866 मध्ये ग्युंटर यांनी या माशाला दिलं. पण पीटर्स यांनी 1859 मध्येच व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं होतं. म्हणून शास्त्रीय नाव पीटर्स यांचंच टिकलं, पोसिलिया रेटिक्युलाटा. गप्पी उरलं ते बोलण्यात.

हा मासा थेट पिल्लं देतो, साधारण चार आठवड्यांनी. त्यामुळे तो हौशी लोकांच्या काचेच्या टाकीत सहज वाढला आणि प्रयोगशाळेतही रुळला. 1920 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (होय, बिअरवाल्यांचीच) योहानेस श्मिट यांनी दाखवलं, की नराच्या पाठीवरच्या परावरचा काळा ठिपका बापाकडून फक्त मुलग्यांकडे जातो, आई कुठलीही असो. 1922 मध्ये विंगे यांनी त्याचा संबंध वाय गुणसूत्राशी जोडला.

हे घरी करून बघायचं तर एक मोठी अडचण आहे. मादी एकदा मिळालेले शुक्राणू काही महिने साठवून ठेवते. मी बरणीत एकटी ठेवलेली मादी महिन्याभराने पुन्हा व्याली आणि माझ्या सगळ्या नोंदी बाद झाल्या! बाप नक्की कोण हे कळायला हवं असेल, तर पिल्लं तीनेक आठवड्यांची असतानाच नर-मादी वेगळे करा. मादीच्या पोटाच्या मागच्या बाजूला गडद ठिपका असतो, भिंगातून दिसतो. नराचा पोटाखालचा पर लांबट झालेला दिसला, तर ती बरणी प्रयोगातून काढा.