‘लाइट’, ‘पॉवर’ आणि ‘अर्थ’

घरगुती विजेच्या बोलीत ‘लाइट पॉइंट’ व ‘पॉवर पॉइंट’ असा जो भेद आजही ऐकू येतो, तो एका जुन्या व्यवस्थेचा अवशेष होय. वीज घरात प्रथम आली ती दिव्यासाठी. स्वयंपाकघरात तिचा प्रवेश उशिरा झाला. १९३४ च्या ब्रिटिश मानकात ५ व १५ अँपिअरचे तीन गोल पिनांचे प्लग निरनिराळ्या आकारांचे होते. ब्रिटनने १९४७ साली चपट्या पिनांचा १३ अँपिअरचा प्लग पुढे आणला. आपल्याकडे जुनी जोडी ६ व १६ अँपिअर या नावाने टिकली.

हा आकारभेद निरर्थक नव्हे. २३० व्होल्टांवर ६ अँपिअर म्हणजे सुमारे १३८० वॅट. मिक्सर त्यात सहज सामावतो. दोन हजार वॅटची शेगडी सामावत नाही. नवशिका अडॅप्टर लावून हा भेद पुसतो आणि भिंतीतील बारीक तार तापते.

‘अर्थ’ या शब्दाचा घोटाळा याहून घातक. (मराठी कानाला तो भलतेच काही सुचवितो, हे निराळेच!) न्यूट्रल व अर्थ या दोहोंवरील दाब जवळजवळ शून्य; म्हणून सॉकेटमध्ये हिरवी तार काळीला जोडून मोकळे होणारे आढळतात. उपकरण चालतेही. परंतु मागे कोठे न्यूट्रल तुटली, की फेजचा दाब थेट उपकरणाच्या धातूच्या अंगावर येतो.

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी जोडणीची क्षमता वा स्वरूप न बदलणारी किरकोळ अदलाबदल तेवढी इतरांस मोकळी ठेवली होती. बाकीचे काम परवानाधारक ठेकेदाराचे. जुन्याच तारेवर ६ च्या जागी १६ चा सॉकेट बसविणे त्या सवलतीत बसत नव्हते.