मोगल दरबार : शिष्टाचार आणि राज्यकारभार

मोगल दरबाराचे वर्णन बहुधा मयूरसिंहासन, रत्नांची तुला आणि उंची वस्त्रे यांपाशीच थांबते. त्यातून एक सोपा निष्कर्षही काढला जातो, तो असा की वैभव हे या सत्तेचे सर्वस्व होते आणि विलास हे तिच्या ऱ्हासाचे कारण. हा निष्कर्ष साधार नाही. दरबार हे साम्राज्याचे केवळ भूषण नव्हते. ते त्याचे मुख्य कचेरीस्थान होते, आणि तेथील शिष्टाचार ही कारभाराचीच एक पद्धती होती, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम दिनक्रम पाहू. सूर्योदयी बादशहा झरोक्यात येऊन प्रजेस दर्शन देई व तेथे फिर्यादीही ऐके. त्यानंतर दिवाण-ए-आममध्ये उघडा दरबार भरे. अधिक नाजूक राजकारणाचा खल मोजक्या अधिकाऱ्यांसह खासगी बैठकीत होई. ही जागा स्नानगृहालगत असल्याने तीस गुसलखाना हे नाव पडले. इ. स. १६१६ मध्ये अजमेर येथे जहांगीराच्या दरबारी दाखल झालेला इंग्रज वकील सर टॉमस रो याच्याही नजरेत हा क्रम किती काटेकोर आहे हे भरले होते. बादशहा ठरल्या वेळी दिसला नाही, तर राज्यात अफवा उठत. सत्ता एका व्यक्तीत एकवटलेली असल्यामुळे तिचे नित्य दर्शन हीच राज्य सुरळीत चालल्याची ग्वाही होती.

दरबारात कोणी कोठे उभे राहावे, हे मनसबीवरून ठरे. अकबराच्या व्यवस्थेत दहापासून दहा हजारांपर्यंत मनसबी होत्या. अबुल फजलाने त्यांची संख्या, ‘अल्लाह’ या नामाच्या अक्षरमूल्याइतकी, म्हणजे ६६ सांगितली आहे. त्याच्या कोष्टकात मात्र ३३ च श्रेणी आढळतात. मनसबीचा ‘जात’ हा आकडा व्यक्तीचा दर्जा व वेतन दर्शवी, तर ‘सवार’ हा आकडा बाळगावयाच्या घोडदळाचा निदर्शक असे. मनसब वारशाने मिळत नसे. ती बादशहाच्या मर्जीने मिळे, वाढे आणि कमी होई. त्यामुळे तुराणी, इराणी, राजपूत, अफगाण अशा भिन्न वंशांच्या व धर्मांच्या माणसांना एकाच मोजपट्टीवर आणणे शक्य झाले. अंबरचा राजा मानसिंग याने सातहजारी मनसब मिळविली, ती या पद्धतीमुळेच. सिंहासनापासूनचे अंतर म्हणजे साम्राज्यातील प्रत्येकाच्या स्थानाचा सर्वांना दिसणारा नकाशाच होता.

या दृश्य व्यवस्थेमागे कागदाची व्यवस्था होती. अकबराच्या दरबारी चौदा वाकियानवीस नेमलेले असत व त्यांपैकी दोघे रोज आळीपाळीने कामावर असत. बादशहाच्या तोंडून निघालेला हुकूम ते टिपून घेत. ती नोंद तपासून बादशहापुढे ठेवली जाई आणि मंजुरीनंतर तिची प्रत संबंधितांच्या सह्यांनिशी ‘याददाश्त’ होई. याददाश्तीचा संक्षेप म्हणजे ‘तालिका’. पुढे दिवाण, बक्षी इत्यादींच्या शिक्क्यांमधून गेल्यावरच नेमणूक वा जहागीर पक्की होई. म्हणजे बादशहाचा शब्द सर्वश्रेष्ठ असला तरी तो अंमलात येण्यास लेखणीच्या अनेक उंबरठ्यांवरून जावे लागे. शिवकालीन अष्टप्रधानांतील वाकनीस हे पदनाम याच फारसी शब्दाचे मराठी रूप आहे. राज्यव्यवहाराची ही परिभाषा दख्खनलाही परकी राहिली नव्हती, याचे हे द्योतक होय.

या पद्धतीची मर्यादा १२ मे १६६६ रोजी आग्र्यास उघड झाली. औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दरबारात शिवाजी महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे करण्यात आले. त्यांचा बाल पुत्र संभाजी यास तीच मनसब आधीच मिळालेली होती. महाराजांचा संताप हा केवळ मानापमानाचा प्रश्न मानणे अपुरे ठरेल. दरबाराजवळ माणूस मोजण्याचे एकच माप होते, ते म्हणजे चाकरीचे. स्वतःच्या सामर्थ्याने राज्य उभारणाऱ्या पुरुषासाठी त्या नकाशात जागाच नव्हती.

पुढे दख्खनच्या युद्धात दरबाराने आपले माप बदलले नाही; रांगा मात्र वाढविल्या. अतहर अली यांच्या गणनेनुसार एकहजारी व त्यावरील मनसबदार इ. स. १६५८ ते १६७८ या काळात ४८६ होते, तर १६७९ ते १७०७ मध्ये ५७५ झाले. त्यांतील मराठ्यांची संख्या २७ वरून ९६ वर गेली. शस्त्राने न वळणाऱ्यांना मनसबीने वळविण्याचा हा प्रयत्न होता. परंतु प्रत्येक मनसबीमागे महसूल देणारी जमीन हवी, आणि युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या प्रदेशात तीच दुर्मिळ झाली होती. सनद हाती असूनही जहागीर मिळत नाही, ही तक्रार खाफीखानाच्या ग्रंथातही उमटली आहे.

औरंगजेबाने इ. स. १६६८ मध्ये झरोकादर्शन बंद केले. तरी त्याच्या छावणीतील दरबार व अखबार वृद्धापकाळापर्यंत चालू राहिले. रीत टिकली होती, लेखणीही थांबली नव्हती. आटली होती ती त्यामागील जमीन. तेव्हा साम्राज्याच्या ऱ्हासाचे कारण दरबाराच्या विलासात शोधण्यापेक्षा, दरबाराने दिलेला शब्द आणि तो पुरा करण्याचे साधन यांत पडत गेलेल्या अंतरात शोधणे अधिक सयुक्तिक होय.