पणजीचं नाव

कोपऱ्यावरच्या दुकानात तुम्ही दाराला टेकून उभे आहात. तुम्ही कुणाला दिसत नाही. ऐकू मात्र सगळं येतं. गाव हॉपकिन्सव्हिल, राज्य केंटकी, काळ १९६०च्या आगेमागे. अमेरिकेच्या दक्षिणेतला हा तंबाखू पिकवणारा मुलूख. काळ्यांची वस्ती वेगळी, शाळाही वेगळी.

एक लहान मुलगी बबलगम घ्यायला आली आहे. कुणी मोठं माणूस तिला काही बोलतं. मान खाली घालून निघून जायचं सोडून मुलगी फाडकन उत्तर देते. आपल्याकडे असती तर ‘तोंड वर करून बोलतेस?’ असा दम मिळाला असता. इथे त्या माणसाच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य उमटतं, मग आवाजात चेष्टा येते: ही नक्कीच बेल हुक्सच्या घरातली!

मुलीचं नाव ग्लोरिया जीन वॉटकिन्स. जन्म २५ सप्टेंबर १९५२, सात भावंडांतली एक. बेल ब्लेअर हुक्स ही तिच्या आईकडची पणजी, फटकळ जिभेसाठी ओळखली जाणारी. ते नाव मुलीने आज पहिल्यांदाच ऐकलं. टोमणा म्हणून फेकलेलं नाव तिने खाली पडू दिलं नाही. बबलगमबरोबर तेही घरी नेलं.

तिच्या मागोमाग घरी चला. वडील टपाल कचेरीत साफसफाईचं काम करतात, आई गोऱ्यांच्या घरी कामाला जाते. स्वयंपाकघरात बायका जमल्या की गप्पांना ऊत येतो, एकीचं वाक्य दुसरी उचलते. पोरीला त्या बोलण्यात शिरायचं असतं. पण मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालणं म्हणजे उलट उत्तर, आणि उलट उत्तराला शिक्षा ठरलेली. मग ती लिहायला लागते. कागद पलंगाखाली जातात, उशीच्या अभ्र्यात जातात. बहिणींच्या हाती लागले की वाचून खिदळणं होतं. लपवून ठेवावं लागणारं हे लिखाण म्हणजे तिचं पहिलं साहित्य. छापखाना अजून फार दूर आहे.

शाळेचाही एक फेरा मारा. बुकर टी. वॉशिंग्टन शाळेत बहुतेक शिक्षक काळ्या बायका. त्यांना प्रत्येक पोराचं घर ठाऊक, आई-बाप ठाऊक. शिकणं ही तिथे गोऱ्यांच्या सत्तेविरुद्धची कृती मानली जायची. पुढे कायद्याने वेगळ्या शाळा मोडल्या. त्याची किंमत मात्र काळ्या मुलांनीच मोजली. गोरी मुलं यायच्या आधी पोचावं म्हणून तासभर लवकर उठायचं, बसने जायचं आणि भांडणं होऊ नयेत म्हणून व्यायामशाळेत नुसतं बसून राहायचं.

आता रेल्वेचे रूळ ओलांडा. रुळांच्या एका बाजूला काळ्यांची घरं, दुसरीकडे दुकानं, कचेऱ्या, गोऱ्यांचे बंगले. सकाळी पलीकडे जाऊन राबायचं, संध्याकाळी अलीकडे परत यायचं. पलीकडे राहायची परवानगी नाही. हे रूळ विसरू नका. पुढे एका पुस्तकाचा सगळा विचार त्यांच्यावर उभा राहणार आहे.

रूळ ओलांडून तुम्ही थेट कॅलिफोर्नियात येता, स्टॅनफर्ड विद्यापीठात. ग्लोरिया एकोणीस वर्षांची आहे. स्त्रियांच्या प्रश्नांवरचे वर्ग नुकतेच सुरू झालेत आणि वर्गात जवळपास सगळ्या गोऱ्या मुली. तुम्ही मागच्या बाकावर बसून ऐका. ‘स्त्रिया’ म्हटलं की गोऱ्या बाया गृहीत धरल्या जातात. ‘काळे’ म्हटलं की पुरुष. या दोन शब्दांच्या फटीत तिची आई, आजी, पणजी सगळ्याच गडप होतात. ग्रंथालयात शोधूनही त्या फारशा सापडत नाहीत. मग ती स्वतःच पुस्तक लिहायला घेते.

पुस्तकाचं नाव घेते सोजर्नर ट्रुथकडून. गुलामीत जन्मलेली ही बाई १८५१ साली ओहायोतल्या एका स्त्री-हक्क परिषदेत बोलली होती. ‘मी बाई नाही का?’ हा सवाल तिच्या नावावर जगभर गेला. गंमत अशी की त्याच वर्षी छापलेल्या वृत्तांतात ते शब्द नाहीत. ते १८६३ साली एका गोऱ्या कार्यकर्तीने छापलेल्या आठवणीत येतात. काळी बाई बोलली, पण कागदावर तिला दुसऱ्याच हाताने उतरवलं. एकोणीस वर्षांच्या पोरीला हा हातच बदलायचा आहे.

पुढचा मुक्काम टेलिफोन कंपनीत. कानाला यंत्र लावून ऑपरेटर बायका ओळीने बसल्यात. ग्लोरिया त्यांतलीच एक. दिवसाची नोकरी ही, लिहिणं उरल्या वेळात. पुस्तकाचे खर्डे एकावर एक चढतायत. विद्यापीठातल्या मंडळींपेक्षा शेजारी बसणाऱ्या काळ्या बायांना या पुस्तकाची जास्त उत्सुकता आहे. लिही, आमच्याबद्दल कुणी लिहितच नाही, हा त्यांचा आग्रह. पुढे आयुष्यभर ती ज्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिणार आहे, ते वाचक इथेच भेटले.

१९७८ साली तिच्या कवितांची एक छोटी पुस्तिका निघते. मुखपृष्ठावर ग्लोरिया वॉटकिन्स नाही, पणजीचं नाव आहे. पुढे ती ते इंग्रजीत मुद्दाम लहान अक्षरांत लिहिते, बी आणि एच दोन्ही लहान. पणजीपासून आपण वेगळ्या आहोत हे दिसावं, आणि वाचकाने लिहिणारीपेक्षा लिहिलेल्याकडे बघावं, हा तिचा हेतू. प्रकाशकांना, मुद्रितशोधकांना हे वर्षानुवर्षं समजावून सांगावं लागतं. आपली मात्र इथे अडचण होते. देवनागरीत लहान-मोठं अक्षरच नाही. बेल हुक्स असं लिहिलं की तिचा तो आग्रह आपल्या लिपीत हरवतो. किंवा असं म्हणू, आपल्या लिपीत सगळीच अक्षरं एका रांगेत, एका शिरोरेषेखाली उभी असतात. तिला ते आवडलं असतं.

आता १९८१. बॉस्टनच्या साउथ एंड प्रेसमध्ये या. दरम्यान हस्तलिखित काही ठिकाणांहून साभार परत आलेलं आहे. ही प्रकाशनसंस्था चार वर्षांपूर्वी सुरू झालेली, चळवळीतली. इथे मालक नाही. काम करणाऱ्यांचा गटच ती चालवतो, आणि संपादनापासून किरकोळ कामांपर्यंत सगळं आपसांत वाटून घेतो. पुस्तक इथून निघतं: ‘एन्ट आय अ वुमन’. तिची डॉक्टरेट अजून व्हायची आहे. टोनी मॉरिसनच्या कादंबऱ्यांवरचा प्रबंध ती १९८३ मध्ये सांताक्रूझच्या विद्यापीठात पूर्ण करील.

पुस्तक हातात घ्या आणि पानांच्या तळाकडे बघा. तळटीपा नाहीत. हा आळस नव्हे. कॉलेजबाहेरच्या काळ्या माणसांना तिने विचारलं होतं, तळटीपा दिसल्या की काय वाटतं? हे पुस्तक आपल्यासाठी नाही असं वाटतं, हे उत्तर आलं. म्हणून तिने त्या काढल्या. विद्यापीठांतून लगेच ठपका आला की हा अभ्यास नव्हे. काळ्या स्त्रीवादी वर्तुळातूनही बोचरी टीका झाली. गुलामीच्या काळापासून काळ्या स्त्रीला वंश आणि लिंग या दोन्ही बाजूंनी कसं भरडलं गेलं आणि गोऱ्या स्त्रीवाद्यांनी व काळ्या पुरुषांनी तिच्याकडे कशी पाठ फिरवली, हे ती नाव घेऊन सांगत होती. कुणालाच ते सोयीचं नव्हतं. १९९२ साली ‘पब्लिशर्स वीकली’ने मागल्या वीस वर्षांतल्या सर्वांत प्रभावी अशा स्त्रियांच्या वीस पुस्तकांत या पुस्तकाची गणना केली.

१९८४. मघाचे रूळ आठवतात? ‘फेमिनिस्ट थिअरी: फ्रॉम मार्जिन टू सेंटर’ची प्रस्तावना तिथूनच सुरू होते. रोज रूळ ओलांडणाऱ्याला दोन्ही बाजू दिसतात. पलीकडच्याला एकच दिसते. म्हणून परिघावरच्या माणसाचं आकलन अधिक पूर्ण असतं, हा तिचा युक्तिवाद. बेटी फ्रीडनचं १९६३चं गाजलेलं पुस्तक ती याच कसाला लावते. घरात कोंडलेल्या सुशिक्षित गृहिणीने नोकरीला जावं हे ठीक, पण मग तिच्या घरातली भांडी कोण घासणार, मुलं कोण सांभाळणार? हॉपकिन्सव्हिलच्या मुलीला उत्तर माहीत होतं. ती बाई संध्याकाळी दमून तिच्याच घरी परतत असे.

मधली वर्षं भराभर ओलांडा. येल, ओबर्लिन, न्यूयॉर्क. पुस्तकामागून पुस्तक: सिनेमावर, शिकवण्यावर, पुरुषांवर, मुलांसाठीही. १९९४च्या ‘टीचिंग टू ट्रान्सग्रेस’मध्ये मात्र थोडं थांबा. तिथे शिक्षणविचारक पाउलो फ्रेरीवरच्या प्रकरणात ग्लोरिया वॉटकिन्स प्रश्न विचारते आणि बेल हुक्स उत्तरं देते. एकाच बाईची दोन नावं समोरासमोर बसून बोलतात. फ्रेरीच्या भाषेतला पुरुषीपणा तिला खटकतो, ते ती सांगते. पण तहानलेल्याने गढूळ पाण्यातूनही पाणी घ्यावं, इतका तो तिला मोलाचा वाटतो. उलट बोलणं आणि ऋण मानणं एकाच वेळी जमतं, हे या प्रकरणात दिसतं. २००० साली ती प्रेमावर पुस्तक लिहिते, ‘ऑल अबाउट लव्ह’. एवढी लढाऊ बाई आता प्रेमावर लिहिते म्हणून भुवया उंचावतात. तिचं म्हणणं साधं: जिथे हुकमत आहे तिथे प्रेम नसतं, मग ती घरातली का असेना. वीस वर्षांनी हेच पुस्तक नव्या पिढीने पुन्हा खपाच्या यादीत नेलं.

२००४. गाव बिरिया, पुन्हा केंटकी. इथलं कॉलेज गुलामीविरोधकांनी १८५५ मध्ये सुरू केलं. काळी-गोरी मुलं इथे एकत्र शिकायची; १९०४च्या कायद्याने ती वेगळी केली. इथे मुलं शिकवणीची फी देत नाहीत, कॉलेजात काम करतात. रयत शिक्षण संस्थेच्या ‘कमवा आणि शिका’ची आठवण यावी. तिथे ती प्राध्यापक म्हणून येते आणि राहते. केंटकी सोडून गेलेली मुलगी रूळ ओलांडून परत आली. १५ डिसेंबर २०२१ रोजी इथेच, आपल्या घरी, ती गेली. वय ६९. मागे तीसहून अधिक पुस्तकं. पहिली पुस्तकं छापणारी साउथ एंड प्रेस तिच्याआधीच, २०१४ मध्ये बंद पडली होती. पुस्तकं दुसऱ्या प्रकाशकाकडून निघत राहिली.

परतीच्या वाटेवर पुण्यात उतरा. अमेरिका ते पुणे हा रस्ता जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. दलित स्त्रिया वेगळं बोलतात, या अर्थाच्या शीर्षकाचा लेख १९९५ मध्ये गोपाळ गुरूंनी लिहिला. तेच शीर्षक घेऊन १९९८ मध्ये शर्मिला रेगे यांनी तो वाद पुढे नेला. कोण बोलतं आणि कुणाला बोलू दिलं जात नाही, हा सवाल दोन्हीकडे तोच.

आता तुम्ही तुमच्या घरी पोचलात. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात नवरीचं नवं नाव लिहायची रीत. त्या एका ताटात किती पणज्यांची नावं बुडाली, कुणी मोजलं नाही. तुमच्याही घरात एक फटकळ पणजी होऊन गेली असेल, जिच्या तोंडाला सगळं गाव टरकून असे. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा, लग्नाआधी त्या पणजीचं नाव काय होतं. कळलं, तर लिहून ठेवा.