छापणाऱ्याचे नाव

दिवाळीचा अंक घरात आला म्हणजे त्याची वाटणी कशी होते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. वडीलधारी मंडळी आधी राशिभविष्य काढतात, मुले व्यंगचित्रे धुंडाळतात, आणि गृहिणीच्या हाती तो अंक येतो तो फराळाचा पसारा आवरल्यावर, पाडव्याच्या दुपारी. कथा कुणाची, मुखपृष्ठ कुणाचे, किंमत केवढी, सगळ्याची चर्चा होते. एक ओळ मात्र कुणीच वाचीत नाही. कोठेतरी कोपऱ्यात, बारीक टाइपात ती उभी असते: हा अंक अमक्यांनी अमक्या छापखान्यात छापून अमक्या ठिकाणी प्रसिद्ध केला. आज या ओळीचीच हकीकत सांगायची आहे. दिसायला ती रुक्ष आहे. पण तिच्यामागे धर्म, व्यापार आणि कायदा तर आहेच, क्वचित तुरुंगही आहे.

आमच्या बेडशाच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. सुमारे चारशे पायऱ्या चढून गेले की उंच खांब आणि त्यांच्यावर बसलेली प्राण्यांची व स्वारांची जोडपी दिसतात. शाळेतील मुले हत्ती-घोडे पाहून खूष होतात. मी त्यांना ओसरीतील ब्राह्मी अक्षरे दाखवतो. नाशिकच्या आनंद नावाच्या शेठाचा मुलगा पुष्यणक याने हे दान दिले, एवढाच त्या लेखाचा आशय. दुसऱ्या एका लेखात गोभूती नावाच्या अरण्यवासी थेराचा स्तूप त्याच्या शिष्याने करविला असे आहे. एकदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, पैसे देणाऱ्याचे नाव आहे, मग छिन्नी चालवणाऱ्याचे कुठे आहे?" प्रश्न अगदी सरळ होता. पुस्तकांच्या जगातही हाच प्रश्न आहे. फरक इतकाच की तिथे त्याला थोडेबहुत उत्तर मिळाले.

ते उत्तर प्रथम युरोपात घडले. इंग्लंडात विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. पुढे लंडनच्या सेंट पॉलच्या देवळाभोवती पुस्तकविक्यांची दाटी झाली. घरांना क्रमांक नव्हते. दुकाने ओळखायची ती दारावरच्या चित्रांवरून. म्हणून पुस्तकाच्या पहिल्या पानावर तळाशी तीन गोष्टी येऊ लागल्या: छापले कोणी, कोणासाठी, आणि विकत मिळेल कोणत्या चिन्हाच्या दुकानात. ही झाली व्यापाऱ्याची गरज. राजाची गरज वेगळी होती. आठव्या हेन्रीने १५४६ साली फर्मान काढून प्रत्येक इंग्रजी पुस्तकावर मुद्रकाचे व लेखकाचे नाव आणि छपाईचा दिवस घालण्याची सक्ती केली. पुस्तक आक्षेपार्ह निघाले तर कोणाची मानगूट धरायची, हे त्याला आधीच ठाऊक हवे होते.

पण ओळ सक्तीची झाली की ती खोटीही होऊ लागते. लंडनमध्ये १६१९ साली शेक्सपिअरच्या नावावरील काही नाटके छापली गेली. त्यांतल्या कित्येकांवर १६०० किंवा १६०८ असे जुने साल घातले होते. ही लबाडी जवळजवळ तीनशे वर्षे टिकली. ग्रेग नावाच्या अभ्यासकाने १९०८ साली कागदातील पाणखुणा ताडून पाहिल्या आणि बिंग फुटले. छापलेली अक्षरे खोटे बोलली. कागदाने खरे सांगितले!

आता आपल्या घरी येऊ. नाना फडणिसांच्या मनात गीता छापून घ्यावी असे होते, आणि पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने एक तांबट अक्षरे कोरण्याचे काम शिकला होता. नाना १८०० साली वारले. तो तांबट मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांकडे गेला आणि तिथे १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. हकीकत सांगणारे नानांचे नाव घेतात, पटवर्धनांचे घेतात. कोरणारा मात्र बहुधा 'एक तांबट' एवढाच राहतो. त्याच वर्षी दूर बंगालमध्ये, श्रीरामपूरला, विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण निघाले. त्याला साह्य वैजनाथ पंडिताचे. तंजावरला सरफोजीराजांनी छापखाना घालून १८०६ मध्ये 'बालबोध मुक्तावली' काढली. म्हणजे मराठी पुस्तकाचा पाळणा हलला तो पुण्यामुंबईबाहेरच.

मुंबईत अमेरिकन मिशनने १८१६ मध्ये छापखाना सुरू केला. तिथे काम पाहून शिकलेला गणपत कृष्णाजी हा भंडारी समाजातील गृहस्थ मराठी मुद्रणाचा पहिला मोठा पुरुष. त्याने स्वतः लाकडी यंत्र उभे केले, शिळेवर छापण्याचे तंत्र साधले, शाईही घरीच केली, आणि १८३१ मध्ये छापील पंचांग काढले. त्या काळी छापील कागदाला शिवण्यास सोवळी माणसे कचरत. शाईत चरबी असते हा मोठा आक्षेप. गणपत कृष्णाजीने चरबीऐवजी तूप वापरले असे सांगतात. पंचांगावाचून कोणाचेच चालत नसल्यामुळे छापील कागद देवघरापर्यंत पोचला तो याच वाटेने. अशा वेळी छापखान्याचे नाव म्हणजे नुसता पत्ता नव्हता. ती एक हमी होती: हा कागद तुमच्या घरात आला तर विटाळ होणार नाही.

दुसरे नाव जावजी दादाजींचे. १८३९ मध्ये जन्मलेला हा गरीब मुलगा दहाव्या वर्षी मिशनच्या छापखान्यात महिना दोन रुपयांवर टाइप घासू लागला. त्याने १८६४ मध्ये टाइपांची ओतशाळा काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. संस्कृत ग्रंथांची 'काव्यमाला' निघाली तीही याच छापखान्यातून. पुढे 'निर्णयसागर' हे शब्द पुस्तकावर दिसले की शास्त्री-पंडित पाठाविषयी निर्धास्त होत. पण ते देखणे अक्षर घडले कसे? आधी पोलादाच्या सळईच्या टोकावर उलटे अक्षर कोरायचे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करायचा, आणि त्या साच्यात शिसे ओतून खिळे पाडायचे. पोलादावरचा हात चुकला की पुढचे हजारो खिळे चुकले. निर्णयसागरसाठी हे काम करणारे कारागीर राणोजी रावजी आरू. पुस्तकावर नाव जावजींचे, अक्षर आरूंचे. मुलाने बेडशात विचारलेला प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो.

इंग्रज सरकारने मुद्रकाचे नाव सक्तीचे केले ते काही कारागिराच्या कौतुकापोटी नव्हे. १८३५ च्या कायद्यात ती अट होतीच. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने ती पक्की झाली. मुद्रकाचे नाव, छपाईचे ठिकाण, प्रकाशकाचे नाव छापायचे, पुस्तकाच्या प्रती सरकारात द्यायच्या, आणि सरकारने त्यांची यादी ठेवायची. त्या यादीत पृष्ठे, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, किंमत, इतकेच काय, पुस्तक शिळेवर छापले की खिळ्यांवर, हेही लिहायचे. हेतू पाळतीचा होता, पण फळ निराळेच मिळाले. गेल्या शतकापूर्वीच्या मराठी पुस्तकांची मोजदाद करू पाहणाऱ्या अभ्यासकाला त्या याद्या आज खजिन्यासारख्या वाटतात.

या ओळीचा धोका काय होता हे १८९७ साली दिसले. 'केसरी'तील मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांच्याबरोबर आर्यभूषण छापखान्याचे केशव महादेव बाळ हेही उभे होते. बाळ सुटले, टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. लेख दुसऱ्याचा, पण छापला मी, असे सांगणारे नाव खाली घालायला त्या काळी छाती लागत असे. लेखकाला निदान कीर्ती मिळते. मुद्रकाच्या वाट्याला नुसती जबाबदारी.

१८६७ चा तो कायदा दीडशे वर्षांहून अधिक चालला. त्याची जागा घेणारा नवा कायदा २०२३ मध्ये संमत होऊन मार्च २०२४ पासून लागू झाला; तो नियतकालिकांपुरता आहे, पुस्तके त्यातून वगळली आहेत. खिळ्यांची जुळणी तर त्याआधीच संगणकाने मोडीत काढली. आता पुस्तकावर मुद्रकाचे नाव राहील ते सरकारच्या धाकाने नव्हे, तर प्रकाशकाच्या सौजन्याने.

म्हणून एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आजोबांची पुस्तके निघतात. पहिले व शेवटचे पान बहुधा फाटलेले असते, आणि बाइंडर तेच आधी टाकून देतो. त्याला ते टाकू देऊ नका. मुळात ते पानच नसेल तर अक्षरांकडे नीट पाहा. एकाच पानावरचे दोन 'क' हुबेहूब सारखे असतील तर पुस्तक खिळ्यांचे; किंचित वेगळे असतील तर ते शिळेवरचे, म्हणजे कुणा लेखनिकाच्या बोरूतून उतरलेले. ज्यावर नाव आहे त्याचे नाव मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. ज्यावर नाही, तिथे निदान एवढे सांगा की हे कोणीतरी हाताने केले आहे.