आगगाडीचा जमाखर्च

आगगाडीचा इतिहास वर्गात शिकवायचा म्हणजे 16 एप्रिल 1853 पासून सुरुवात करायची. बोरीबंदर ते ठाणे, 21 मैल, 14 डबे, 400 पाहुणे, तोफांची सलामी. मध्यंतरी एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ही इंजिने आणली कुणाच्या पैशांनी?" हा प्रश्न परीक्षेत येत नाही. पण विचारायचा प्रश्न तोच होता.

इंजिने लँकेशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीत घडलेली. रूळ आणि पुलांचे लोखंडही विलायतेचेच. भांडवल जी. आय. पी. कंपनीच्या इंग्रज भागधारकांचे. मात्र हे भांडवल धाडसाचे नव्हते. ऑगस्ट 1849 च्या कराराने भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी मिळाली होती. जमीन फुकट. गाडी तोट्यात चालली तरी व्याज ठरलेले, आणि तूट भरायची ती हिंदुस्थानच्या महसुलातून. धंदा खाजगी आणि जोखीम रयतेची, अशी ही व्यवस्था.

काटकसर करायची कुणाला गरज नव्हती. मैलामागे सुमारे 8,000 पौंड लागतील असा देशभरच्या हमीच्या रेल्वेमार्गांचा प्रारंभीचा अंदाज होता. 1860 चे दशक संपेपर्यंत तो खर्च सरासरी 18,000 पौंडांच्या घरात गेला. माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी 1872 मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे साफ कबूल केले की, व्याज पक्के असल्यामुळे आपला पैसा विटाचुन्यात गेला की हुगळीत बुडाला, याच्याशी भांडवलदाराला कर्तव्य नव्हते.

त्यात रुपयाची घसरण. व्याज लंडनला, पौंडात द्यावयाचे. 1872-73 मध्ये सुमारे 23 पेन्सचा असलेला रुपया 1894-95 मध्ये 13 पेन्सवर आला. म्हणजे तेवढ्याच पौंडांसाठी रयतेकडून पाऊणपट अधिक रुपये काढायचे. सोन्यात कराव्या लागणाऱ्या या देण्यांचा बोजा कसा वाढला हे बाबासाहेबांनी 1923 च्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात आकडे देऊन दाखविले आहे. आमच्या चळवळीत त्या ग्रंथाचा जयजयकार पुष्कळ होतो, वाचन थोडे.

दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांनी रेल्वेच्या या लुटीवर सडेतोड लिहिले. ते ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या वहीत हिंदुस्थान हा एकच खातेदार आहे. लंडनला गेलेला पैसा ते मोजतात. इथे तो कुणाच्या ताटातून गेला, हे खाते ते वेगळे मांडत नाहीत. महसूल म्हणजे मुख्यतः शेतसारा, आणि सोबत मिठावरचा कर. मीठ तर ज्याच्या घरी भाकरीबरोबर दुसरे काही नसते त्यालाही लागतेच.

आणि घाटात गेलेले जीव कोणत्या खात्यात मांडायचे? बोरघाटाचे काम 1856 ते 1863 चालले. सुमारे 15 मैलांचा चढ, 25 बोगदे. 1861 मध्ये तिथे 42,000 माणसे राबत होती. बहुतेक भूमिहीन, गावकुसाच्या आतबाहेरची, हातावर पोट असलेली. मजुरी थकली म्हणून जानेवारी 1859 मध्ये मजुरांनी दंगा केला. त्याच वर्षी फॅव्हिएल या ठेकेदाराने काम सोडले. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यानंतर थोड्याच दिवसांत वारला आणि ठेका त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल यांनी, पुरा करविला. ही दोन्ही नावे इतिहासात आहेत. पटकी, हिवताप आणि सुरुंगांनी मेलेल्या मजुरांचा मात्र अंदाजच करावा लागतो. काही अभ्यासक तो 25,000 पर्यंत नेतात. एवढे होऊन घाटातला एक मोठा पूल 1867 च्या पावसाळ्यात कोसळला!

बांधणीचा खर्च एकदाच होतो. गाडी चालविण्याचा खर्च रोजचा, आणि त्यात कायम स्वस्त ठेवलेली वस्तू म्हणजे रुळावरचा माणूस. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी सांगितले ते इथेच. सभासंमेलनांत तेवढेच वाक्य फिरते. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या नोकरीची उतरंड उलगडून दाखविली होती. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टरची जागासुद्धा मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात, आणि त्या घराला विटाळ चालत नाही.

हे वाचताना मला माझ्या वडिलांची गँग आठवली. पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन ते गस्तीला निघत. त्यांच्या गँगमध्ये बारा माणसे होती. मी लहानपणी डबा पोचवायला जात असे, त्यामुळे सगळ्यांची आडनावे मला पाठ आहेत. त्यांतली नऊ आमच्याच वस्तीतली होती, आणि मनमाडची परिषद होऊन तोवर साठ वर्षे लोटली होती.