केस काय सांगतात? वैद्यकाच्या इतिहासातील तीन गोष्टी

"डॉक्टर, केस फार गळतात. कोणते तेल लावू?" हा प्रश्न दवाखान्यात रोज येतो. त्यावर डॉक्टर उलट विचारतात, "दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप आला होता का? वजन वाढले आहे का? पाळी नियमित येते का?" रुग्णाला वाटते, केसांचा आणि याचा काय संबंध? हे प्रश्न कुठून आले, ते वैद्यकाच्या इतिहासातल्या तीन गोष्टींवरून कळते.

पहिली गोष्ट: थायरॉइड

१८७३ साली लंडनमध्ये सर विल्यम गल यांनी काही स्त्रियांच्या विचित्र आजाराचे वर्णन सादर केले. चेहरा सुजलेला, हालचाली मंद, बोलणे जड. काही वर्षांनी विल्यम ऑर्ड यांनी या आजाराला 'मिक्सिडीमा' हे नाव दिले. अशा रुग्णांची त्वचा कोरडी पडे, केस रुक्ष आणि विरळ होत, भुवयाही झडत. कारण मात्र केसांत नव्हते. ते गळ्यातल्या छोट्या थायरॉइड ग्रंथीत होते. १८८८ मध्ये लंडनच्या क्लिनिकल सोसायटीच्या समितीने शंभराहून अधिक रुग्णांचा अभ्यास करून तसा अहवाल दिला.

१८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचायला सुरुवात केली. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षे जगली. हा उपचार रूढ झाल्यावर सूज आणि मंदपणा तर कमी होऊ लागलाच, पण विरळ झालेले केसही पुन्हा येऊ लागले, आणि तेही डोक्याला काहीही न लावता.

आज मेंढीच्या अर्काची गरज नाही. रक्ताच्या टीएसएच तपासणीने निदान होते आणि रोजची एक गोळी पुरते. तरीही थकवा, वाढते वजन, बद्धकोष्ठता आणि केसगळती या तक्रारी "वय झाले" म्हणून अनेक घरांत वर्षानुवर्षे अंगावर काढल्या जातात.

दुसरी गोष्ट: कुपोषण

डॉ. सिसिली विल्यम्स १९२९ मध्ये आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला, काम करायला गेल्या. तिथे एक ते चार वर्षांची मुले त्यांच्याकडे येत. पाय सुजलेले, कातडी सोललेली, मूल चिडचिडे. अनेक मुले दगावत. इतर डॉक्टरांचे म्हणणे, हा ओळखीचा 'पेलाग्रा'च आहे. विल्यम्स यांना ते पटले नाही. ही मुले आईच्या दुधावरून तुटली होती आणि मक्याच्या पेजेवर वाढत होती. १९३३ मध्ये त्यांनी हा आजार मांडला आणि १९३५ मध्ये स्थानिक 'गा' भाषेतला शब्द त्याला दिला: क्वाशिओरकोर. धाकटे भावंड आल्यावर बाजूला पडलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. ज्या आयांना अडाणी समजले जाई, त्यांच्या भाषेत आजाराचे कारण आधीच सांगितलेले होते.

या आजारात मुलाचे काळे केस फिके, तांबूस होतात आणि सहज उपटून येतात. मूल काही महिने उपाशी, काही महिने बरे खाणारे असेल, तर एकाच केसावर फिका आणि काळा असे पट्टे दिसतात. वैद्यकात याला 'झेंड्याची खूण' म्हणतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून मुळापासून तीन सेंटिमीटरवर फिका पट्टा असेल, तर सुमारे तीन महिन्यांपूर्वी मुलाच्या पोटात पुरेसे अन्न नव्हते, असा अंदाज बांधता येतो.

पण नुसत्या तांबूस केसांवरून कुपोषण ठरत नाही. ऊन आणि धुळीनेही केस भुरे होतात. म्हणूनच आपल्या अंगणवाडीत वजन, उंची, दंडाचा घेर आणि पायावरची सूज पाहतात.

तिसरी गोष्ट: तापानंतरची गळती

टायफॉइडसारख्या मोठ्या तापानंतर केस जातात, हे लोकांना पूर्वीपासून माहीत होते. पण ताप उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी का जातात? १९६१ मध्ये अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी याची नीट मांडणी केली. डोक्यावरचे बहुतेक केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि थोडे विश्रांतीत. तीव्र ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा अचानक कमी केलेले खाणे यांमुळे एकाच वेळी खूप केस विश्रांतीत जातात. ते लगेच पडत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी मुळाशी नवा केस येऊ लागतो, तेव्हा जुने गळतात.

२०२० आणि २०२१ मध्ये कोविडमधून उठलेल्या अनेकांनी हेच अनुभवले. ही गळती घाबरवणारी असली तरी बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते आणि टक्कल पडत नाही. नेमक्या त्याच वेळी लावलेल्या महागड्या तेलाला मात्र फुकटचे श्रेय मिळते!

मग आपण काय करायचे?

तिन्ही गोष्टींतून एकच धडा मिळतो. केस शरीराची साक्ष देतात, पण उशिरा देतात, आणि एकट्याने निकाल देत नाहीत. त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना फक्त केसांबद्दल नको, मागच्या सहा महिन्यांबद्दल सांगा: ताप, बाळंतपण, नवी औषधे, डाएट, पाळीतला रक्तस्राव, वजनातला बदल. गरजेप्रमाणे हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा आणि थायरॉइड तपासता येतो.

दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. मात्र चाईसारखे गोल चट्टे, केस गेलेल्या जागी व्रण, पाळी अनियमित होऊन चेहऱ्यावर वाढणारे केस, किंवा लहान मुलाच्या फिक्या केसांबरोबर पायावर सूज दिसली, तर वाट पाहू नका. विशेषतः मुलाच्या बाबतीत त्याच दिवशी दाखवा. तिथे प्रश्न केसांचा नसतो, जिवाचा असतो.