वहीतलं नाव

यवतमाळचा कापूस प्रेसमध्ये आवळून त्याची गाठ झाली की पूर्वी तिची वाट ठरलेली असे. शकुंतला रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरून 113 किलोमीटर मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीने मुंबई. त्या छोट्या गाडीची आठवण आपण अजून मायेनं काढतो. तिच्यात गाठी चढवणाऱ्या आणि पुढे जहाजात उतरवणाऱ्या माणसांचं नाव मात्र कुठल्याच वहीत नव्हतं. हमालाचं नाव वहीत केव्हा चढलं, याचा माग काढत गेलं की आपण मुंबईच्या गोदीत पोचतो.

गोदीतलं काम रोजाचं. जहाज लागलं तर मजुरी, नाही तर चूल थंड. टोळीवाला बोट दाखवील तो आत, बाकीचे घरी. आणि मिळालेल्या मजुरीतही टोळीवाल्याचा वाटा. गोदी कामगारांची नोंद ठेवावी, काम पाळीनं वाटावं, असं 1931 साली शाही श्रम आयोगानं सांगितलं. कायदा व्हायला 1948 उजाडलं. मुंबईत त्यानुसार योजना आली 1951 साली: नोंदणी, पाळी, आणि हजर राहूनही काम नसेल त्या दिवसाचा भत्ता. उपाशी परत जाणाऱ्या माणसाला हा भत्ता काय वाटला असेल, हे हमालाच्या घरात वाढलेल्यालाच कळेल.

पण कायद्याचा कागद आपल्या पायांनी धक्क्यावर येत नाही. तो आणायला प्लॅसिड डिमेलोंसारखी माणसं लागली. हा मंगळुरूकडचा कोकणी माणूस समाजवादी विचारांचा. ट्रान्सपोर्ट अँड डॉक वर्कर्स युनियनमध्ये त्यांनी मराठी, कोकणी, उत्तर भारतीय अशा सगळ्या कामगारांना एका झेंड्याखाली उभं केलं. मंगळुरूहून मुंबईत आलेला तरुण जॉर्ज फर्नांडिस त्यांच्याच तालमीत तयार झाला. 1958 साली डिमेलो गेले, तेव्हा त्यांनी चाळिशीही ओलांडली नव्हती. एस. आर. कुलकर्णी, मनोहर कोतवाल यांनी पुढे ती युनियन सांभाळली. गोदीला लागून जाणाऱ्या फ्रियर रोडला, एका गव्हर्नराचं नाव पुसून, डिमेलोंचं नाव मिळालं. मुंबईतल्या नामांतरांत मला हे सर्वांत न्याय्य वाटतं.

गोदीतली ही वही तिथेच थांबली नाही. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारांतले माथाडी, म्हणजे ओझी वाहणारे हमाल, संघटित केले आणि 1969 साली महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. त्याचा सांगाडा गोदीचाच: मालक आणि हमाल दोघांची नोंदणी, मजुरी माथाडी मंडळामार्फत, वर मालकाकडून लेव्ही, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी. मधल्या मुकादमाच्या हातून पैसा निसटला, हीच खरी क्रांती.

गोदीत मात्र कंटेनर आले, माणसं कमी झाली, आणि 1997 च्या कायद्यानं मोठ्या बंदरांसाठी गोदी कामगार मंडळांची जुनी व्यवस्था गुंडाळण्याची वाट मोकळी केली. ज्या झाडाचं बी होतं ते झाड तोडलं गेलं. रोप माथाडी कायद्यात उरलं.

यवतमाळात, वणीत, पुसदला, दारव्ह्याला कापसाची गाठ आजही 170 किलोची असते आणि ती माणूसच हलवतो. माथाडी कायदा फक्त मुंबईचा नाही, सगळ्या महाराष्ट्राचा आहे. तुमच्या गावच्या हमालाला एकदा विचारा: दादा, तुमचं नाव मंडळाच्या वहीत आहे का? नसेल, तर ते लिहून येईपर्यंत त्याच्या सोबत चला.